वाळलेल्या नाळेला पालवी

बाटलीतलं पाणी गुलाबी-लाल होतं, आणि जमलेली सगळी माणसं ते पिवळं होण्याची वाट बघत होती.

बाजारगल्लीतलं किमोनोचं दुकान बंद पडून बरीच वर्षं झाली होती. त्याच्या वरच्या मजल्यावर त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्याशी चपला-बुटांच्या रांगा, वर चटयांवर खेटून बसलेले लोक, हातात कागदी पंखे. वाकासाच्या खाडीवरचा जुलै म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखा उकाडा, तरी निम्म्या डोक्यांवर टोप्या किंवा रुमाल होते. टोपी कशासाठी, हे तिथे कुणाला विचारावं लागत नव्हतं.

समोर पांढऱ्या कोटात कुराबायाशी उभे होते. त्यांना सगळे सेन्सेई म्हणत. आमच्याकडे शिक्षकालाही सेन्सेई म्हणतात आणि डॉक्टरलाही. ते या दोघांपैकी कोण, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

"ही डबी कुणाची?"

"माझी, सेन्सेई," पुढच्या रांगेतली एक तरुणी म्हणाली. "बाबांसाठी आणलीय." शेजारी तिचे वडील मान खाली घालून बसले होते.

हलक्या लाकडाची, तळहातात मावणारी डबी. अशी डबी आमच्या प्रत्येक घरात असते. बाळाची नाळ गळून पडली की आई ती वाळवते, कापसात ठेवते आणि जपते. आई गेली की डबी तिच्या शवपेटीत ठेवून तिच्याबरोबरच दहन करतात. कुराबायाशींनी चिमट्याने आतला काळा, पिळवटलेला तुकडा उचलून उजेडात धरला.

"मंडळी, दोन हजार वर्षं चिखलात गाडलेलं कमळाचं बी उगवलं की नाही?"

"उगवलं!"

"शाळेत शिकलात की नाही?"

"शिकलो!"

"मग दोन हजार वर्षांचं बी फुलतं आणि तीस वर्षांची नाळ मेली म्हणता? अहो, ती झोपलीय! आईच्या रक्ताचा थेंब न् थेंब तिच्यात वाळून झोपलाय. त्याच रक्तात आहेत रोगाशी लढणाऱ्या पेशी. त्यांना उठवणार कोण? यंत्र?"

"नाही!"

"इस्पितळातलं विष?"

"नाही!"

"श्वास! आणि तोही कुणाचा? आपल्या रक्ताचा. रक्त रक्ताला ओळखतं, मंडळी. मी कोण? मी नुसता दारवान. दार उघडून बाजूला उभा राहतो."

दारवानाने नाळेचा एक कण खुडून बाटलीत टाकला आणि बाटलीत काचेची नळी सोडली. मुलीने डोळे मिटून फुंकायला सुरुवात केली. बुडबुडे उठले. लाल पाणी नारिंगी झालं, मग फिकट पिवळं, मग उन्हात धरल्यावर चक्क सोनेरी. "आहाऽऽ" असा एक लांबलचक उसासा चटयांवरून फिरला. मुलीचे वडील रडायला लागले. कुणीतरी हात जोडले. आता ही बाटली आठवडाभर उबेच्या पेटीत राहणार, पेशींची फौज वाढणार आणि मग ती सलाइनमधून वडिलांच्या अंगात जाणार.

तोमिएमावशीने माझं मनगट दाबलं. "बघितलंस?"

"बघितलं."

"मग तोंड असं का, बिघडलेलं सूप प्यायल्यासारखं?"

तिच्या रुमालाखालून मानेवरची गाठ दिसत होती. मागच्या महिन्यात ती बोटाला लागत नव्हती. आता डोळ्यांना दिसत होती.

तोमिए ही माझ्या आईची धाकटी बहीण. आई, फुसाए, हिवाळा संपता संपता गेली. तिला रक्ताचा कॅन्सर होता. नेहमीची औषधं थकली तेव्हा शहरातल्या विद्यापीठाच्या इस्पितळात डॉ. निशिमोरींनी एका नव्या उपचाराची चाचणी चालवली होती, तिच्यात आईने नाव दिलं. नवजात बाळाच्या नाळेतून काढलेल्या रक्तातल्या प्रतिकारपेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, मूठभराच्या कोट्यवधी करायच्या आणि रोग्याच्या शरीरात सोडायच्या. आईचा रोग खरोखर मागे हटला. शरद ऋतूभर ती स्वतःच्या पायांनी बंदराच्या भिंतीपर्यंत जायची, मासेवाल्याशी भावावरून हुज्जत घालायची. बर्फ पडायला लागल्यावर रोग परतला. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

वसंतात मावशीच्या मानेत गाठी आल्या. तिचा कॅन्सर वेगळा होता, लसिकाग्रंथींचा. इस्पितळात औषध सुरू झालं, केस गेले, उलट्या झाल्या, आणि गाठी विरघळल्या. तेवढ्यात कुराबायाशी आमच्या गावात आले. "इस्पितळाचं औषध उठू पाहणाऱ्या पेशींना मारतं," असं ते म्हणाले आणि मावशीने इस्पितळात जाणं थांबवलं.

मी वाद घातला तेव्हा तिचं उत्तर तयार होतं.

"फुसाएला उठवून बसवलं कुणी? नाळेच्या पेशींनीच ना? मग मला सांग, त्या टिकल्या का नाहीत? परक्या पोराचं रक्त होतं ते. पाहुणा आला, चार दिवस लढला आणि निघून गेला. घरचा असता तर गेला असता का?"

मावशीला मूल नाही. तिला माझी डबी हवी होती. आईबरोबर ती जाळायला माझं मन झालं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. "फुसाएच्या पोटातली नाळ म्हणजे माझ्याच आईचं रक्त," ती म्हणाली. "पुढच्या वेळी आण. नाहीतर सरळ सांग की मावशी, तू मर."

मी डॉ. निशिमोरींकडे गेले. बाई भरभर बोलतात आणि बोलताना हातातल्या पेनाचं टोपण काढत-घालत राहतात. मी बाटलीची हकिकत सांगितली, तेव्हा टोपण थांबलं.

"नाळेचं रक्त आम्ही वाळवत नाही हो," त्या म्हणाल्या. "बाळ जन्मलं की काही मिनिटांत काढून घेतो आणि भयंकर थंडीत गोठवतो, पेशी जिवंत राहाव्यात म्हणून. एवढं करूनही काही मरतात. डबीतल्या नाळेत जिवंत काय असणार? चामडं ते."

"मग कमळाचं बी?"

"बी मेलेलं नसतंच. कवचाच्या आत जीव मुठीत धरून बसलेलं असतं. नाळेला असं कवच कुठलं? सुकी मासळी पाण्यात सोडली तर ती पोहायला लागेल का?"

"पण रंग बदलतो, डॉक्टर. मी डोळ्यांनी बघितलाय."

"बदलणारच. तो रंग खरा आहे, म्हणून तर राग येतो." त्यांनी मागच्या काचेच्या कपाटाकडे बोट केलं. "आमच्या पेशींच्या अन्नातही तोच लाल रंग असतो. पेशी वाढल्या, त्यांनी खाल्लं-प्यायलं, की पाणी हळूहळू आंबट होतं आणि पिवळं पडतं. आम्हाला कळतं, फौज वाढतेय. पण त्याला वेळ लागतो. फुंकर मारून लगेच होतं ते वेगळं. आपल्या श्वासातला वायू पाण्यात मिसळला की पाणी किंचित आंबट होतं, सोड्याच्या पाण्यासारखं. रंगाला काय, पेशीने आंबट केलं काय आणि फुंकरीने केलं काय!"

"आणि परकं रक्त?"

"या पेशी नातं विचारत नाहीत. उलट परक्या असल्या तर काही वेळा कॅन्सरला जास्त सहज पकडतात. तुमच्या आईला ज्या बाईच्या बाळाचं रक्त मिळालं, ती आम्हालाही माहीत नाही. बाळंतपणाच्या कळा सोसून झाल्यावर कुणीतरी विचारलं आणि ती 'घ्या' म्हणाली, बस."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "मग आई का गेली?"

टोपण पुन्हा निघालं, पुन्हा बसलं. "पेशी शरीरात फार दिवस टिकल्या नाहीत. त्या का टिकत नाहीत, ते अजून आम्हाला नीट कळलेलं नाही. तुमच्या आईच्या बाबतीत आम्ही हरलो, सुमिए-सान." मग एकदम आवाज बदलून त्या म्हणाल्या, "मावशींच्या आजाराला यातलं काही लागत नाही. साधी औषधं पुरतात, आणि बऱ्या होण्याची आशा चांगली आहे. पण अर्ध्यावर सोडलं तर परतलेल्या गाठी औषधाला जुमानत नाहीत. लवकर आणा. ओढत आणलंत तरी चालेल."

मी मावशीकडे गेले तेव्हा ती अंगणात शिसोची पानं चोळत होती. उमे हे आमचं आंबट फळ. ते मिठात मुरत घालतात आणि त्याला रंग यावा म्हणून शिसोची जांभळी पानं मिठाने चुरगाळून त्यात टाकतात. तिचे हात कोपरापर्यंत काळपट जांभळे झाले होते. मी बोलत होते आणि ती कुस्करत होती.

"म्हणजे ती डॉक्टरीणबाई म्हणते, श्वास आंबट असतो?"

"पाणी आंबट होतं."

"माझ्या तोंडाला वास येतो म्हण की सरळ!" तिने पिळून काढलेली पानं पातेल्यात टाकली आणि उमेला सुटलेलं खारट-आंबट पाणी वरून ओतलं. मळकट जांभळ्या पानांतून लालभडक रंग उसळला. तिने तो रोजच्या सवयीने ढवळला. "तुझ्या निशिमोरीबाईने माझी बहीण परत दिली का? नाही ना? मग तिने मला शहाणपण शिकवू नये. कुराबायाशी सेन्सेई माझा हात हातात घेऊन बोलतात. इस्पितळात बोलतात ते कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून. डबी आणतेस की नाही?"

"आणते," मी म्हणाले.

घरी जाताना मी बंदरावर ओबाराकाकांच्या सुक्या मासळीच्या दुकानात थांबले. काका आमच्या शेजारचे. त्यांची बायको सेत्सु आजारी होती, तीही कुराबायाशींकडेच. मी सुका माकूल, म्हणजे स्क्विड, घेतला.

"खायला?" काकांनी विचारलं.

"नाही, उपचाराला."

ते हसले. मी थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं.

पुढच्या बैठकीत माझी डबी कुराबायाशींच्या हातात होती. त्यांनी काळसर, पिळवटलेला तुकडा चिमट्यात धरला, डोळे बारीक केले आणि आवाज खाली आणला.

"आई नुकतीच गेलीय ना?"

"हो."

"दिसतंय. हिच्यात आईची ऊब अजून आहे. मंडळी, इतकी बलवान नाळ मी क्वचित पाहिलीय! फुंका, बेटा. आईला हाक मारल्यासारखं फुंका."

मी फुंकलं. पाणी पिवळं झालं. सोनेरी झालं. उसासा उठला. मावशी गुडघ्यांवर पुढे सरकली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पुढचं वाक्य बोलायला मला फार जड गेलं.

"सेन्सेई, ती नाळ नाही. माकूल आहे. ओबाराकाकांच्या दुकानातला."

एकदोघं हसली आणि लगेच गप्प झाली. ओबाराकाका उठून पुढे आले. त्यांनी तुकडा बोटांत फिरवला, हुंगला. "माकूलच," ते गोंधळून म्हणाले. "पायाकडचा भाग. माझाच माल आहे."

आता तरी भ्रम फुटेल असं मला वाटलं होतं. कुराबायाशींना सावरायला क्षणही लागला नाही. त्यांनी मान खाली घातली, दुखावल्यासारखी.

"तुम्ही माझी परीक्षा घेतलीत. घ्या. पण बघा, मंडळी, काय घडलं! नाळ नव्हती, तरी पाणी जागं झालं. का? कारण हिच्या श्वासात आईची माया होती. समुद्राचा जीवसुद्धा त्या मायेने हलला! मी म्हणत होतो तेच सिद्ध झालं, नव्हे, जास्तच सिद्ध झालं!"

आणि माना डोलू लागल्या. माझ्या डोळ्यांदेखत. माकूल पचला. मागून एक बाई म्हणाली, "स्वतःची आई गेली, आता आमची माणसंही जाऊ देत असं वाटतं का हो तुम्हाला?" मी केलेली युक्ती माझ्या हातात पडलेल्या फटाक्यासारखी फुसकी झाली होती.

"सेन्सेई," मावशी म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. "एक नवी बाटली द्या. काहीही न टाकलेली."

"ती कुणाचीच नाही, तोमिए-सान. तिच्यात काही नाही."

"तीच द्या."

त्यांनी टाळाटाळ केली तेव्हा तिने हात लांबवून टेबलावरची बाटली स्वतःच घेतली. नळी सोडली आणि बाटली ओबाराकाकांपुढे धरली.

"ओबारा-सान, तुम्ही माझे कोण?"

"शेजारी."

"रक्ताचं नातं?"

"देव न करो," काका म्हणाले. "तुमच्या जिभेसकट नातं कोण घेईल!"

"माझ्यावर माया?"

"पिंपभर मीठ उधार नेलंत ते अजून आलं नाही. माया कसली?"

"मग फुंका. आणि मनात त्या मिठाचाच विचार करा."

काकांनी फुंकलं. लाल पाणी नारिंगी झालं. मग पिवळं. मग सोनेरी. नाळ नव्हती, माकूल नव्हता, नातं नव्हतं, मायाही नव्हती.

मावशी त्या बाटलीकडे बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखं, "आंबट झालंय. एवढंच झालंय. शिसोवर उमेचं पाणी ओतलं की असाच फिरतो रंग. जन्मभर फिरवतेय मी. तिथे कोण कशाला जागं होतंय!"

मग मी डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं: श्वासातला वायू, आंबट पाणी, रंग. खिडकीजवळचे एक निवृत्त गृहस्थ कपाळावर हात मारत म्हणाले, "अहो, सहावीत! निळं पाणी, नळीने फुंकायचं आणि पिवळं करायचं!" त्या खोलीत असं एकही माणूस नव्हतं ज्याने शाळेत तो प्रयोग केला नव्हता. सगळ्यांनी रंग बदलून पाहिला होता, बाईंकडून शाबासकी घेतली होती आणि परीक्षेनंतर तो प्रयोग डोक्यातून काढून टाकला होता.

कुराबायाशी कोट घडी घालत होते. "अविश्वासाच्या हवेत पेशी उठत नाहीत," ते म्हणाले. "आजची बैठक संपली." मागच्या जिन्याने ते गेलेसुद्धा.

कुणी मारायला धावलं नाही, कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. पहिल्या दिवशीची ती तरुणी वडिलांना धरून चपला शोधत होती. तिला चपला सापडत नव्हत्या, कारण तिला काही दिसत नव्हतं. ओबाराकाका हातातली बाटली खाली ठेवेनात.

"मग सेत्सुची बाटली?" त्यांनी मला विचारलं. "मीच मुलाकडून फुंकवून घेतली होती. दोनदा चढवलंय तिला ते. तिच्या अंगात काय गेलं मग?"

"मिठाचं पाणी असेल, काका. त्याने काही बिघडलं नसेल. पण तिला इस्पितळात परत न्या. उद्याच न्या."

"पण ती जेवायला लागलीय," ते म्हणाले. "काल दोन घास जास्त जेवली."



घरी जाताना मावशी माझ्या चार पावलं पुढे चालत होती. नंतरचे काही दिवस तिने दार उघडलं नाही. मला वाटलं, मी तिचा भ्रम काढला आणि तिच्या हाती काहीच ठेवलं नाही. भ्रम गेला म्हणून माणूस आपोआप इस्पितळाची वाट धरत नाही. दोहोंच्या मध्ये एक ओसाड जागा असते, आणि ती पुष्कळांना ओलांडता येत नाही.

एका सकाळी तिचा फोन आला. "आगगाडी किती वाजता आहे?"

डॉ. निशिमोरींच्या खोलीत ती बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. बाई आजारपणाचे कागद उघडणार तोच ती म्हणाली, "ते नंतर. आधी मला सांगा, फुसाएसारखे तुमच्या त्या चाचणीत किती गेले?"

"निम्म्याहून जास्त," डॉक्टर म्हणाल्या. पडद्याकडे न बघता.

"आणि माझ्या रोगाचे?"

"दहातले सातआठ जण बरे होतात. तुम्ही मध्ये थांबलात, त्यामुळे थोडं कठीण झालंय. तुम्ही त्या सातआठांत की उरलेल्यांत, हे मला आज सांगता येणार नाही. सांगितलं तर ते खोटं असेल."

"त्या कुराबायाशीलाही विचारलं होतं मी," मावशी म्हणाली. "माझ्या हातून एकही जात नाही, म्हणाला. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा!" मग तिने पिशवी माझ्याकडे दिली आणि बाही वर सरकवायला लागली.

हे लिहिताना तिचे उपचार चालू आहेत. गाठी लहान होत आहेत, पण पहिल्या वेळेपेक्षा हळू. ती वाचेल असं मी लिहू शकत नाही. ओबाराकाकांनी सेत्सुला इस्पितळात नेलं नाही. कुराबायाशींनी खाडीच्या पलीकडच्या गावात वेगळ्या नावाने जागा घेतली आहे, आणि काका तिला दर आठवड्याला तिकडे घेऊन जातात. मी दोनदा त्यांच्या दारात जाऊन आले. दुसऱ्या वेळी त्यांनी दुकानाची फळी लावून घेतली.

नाळेच्या रक्तातून लढाऊ पेशी वाढवता येतात, हे खरं आहे. त्या कधी जिंकतात, कधी हरतात, हेही खरं आहे. खोटेपणाला उभं राहायला नेहमी असंच खरं जोतं लागतं, म्हणून नुसतं "हे विज्ञान आहे" एवढं ऐकून कुणावरही विसंबू नका. तुमच्या घरात आजार आला आणि कुणी तुम्हाला रामबाण उपाय दाखवला, तर रंगाकडे, कोटाकडे, हात हातात घेऊन बोलण्याकडे बघू नका. त्याला एकच विचारा: तुमच्या उपायाने जी माणसं बरी झाली नाहीत, ती कुठे आहेत? या प्रश्नावर जो रागावेल, हसेल किंवा "अशी कुणी नाहीत" म्हणेल, त्याच्या दारातून मागे फिरा. जो खुर्ची पुढे ओढून सांगायला बसेल, त्याच्याकडे थांबा. तोही कदाचित हरेल. पण तो हरला तर तुम्हाला ते त्याच्याच तोंडून कळेल.